गल्लीतल्या रस्त्याचं बिल कसं तपासायचं: एमबीपासून दोषदायित्वापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या एका उपनगरातल्या कॉलनीत मे महिन्यात साधारण २४० मीटर डांबरी रस्ता झाला. जुलैच्या पावसात खडी वर आली. रहिवाशांनी महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज केला, ‘या कामात किती गैरव्यवहार झाला, त्याची माहिती द्यावी.’ उत्तर आलं, ‘मागितलेली माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.’ आता पुढं काय, आणि बिल निघून गेल्यावर काही करता येतं का?

करता येतं. पण ते उत्तर कायद्याला धरूनच आहे, हे आधी मान्य करा. माहिती अधिकारात कार्यालयात असलेली नोंद मागता येते, अधिकाऱ्याचं मत किंवा कबुली मागता येत नाही. गैरव्यवहार किती झाला हे कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं ते एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत: किती लांब, किती रुंद, किती जाड. पैसे त्या आकड्यांवर निघतात, म्हणून तपासही तिथूनच सुरू करायचा.

त्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या: काम कुणाचं आणि पैसा कुठला? शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेच्या निधीतून होत नाही. स्वनिधी, जिल्हा नियोजन समितीतून येणारा नगरोत्थान किंवा दलित वस्तीचा निधी, नगरविकास खात्याचा मूलभूत सुविधांचा निधी, आमदार निधी, खासदार निधी असे अनेक झरे आहेत. आमदार-खासदार निधीचं काम कधी महापालिका करते, कधी सार्वजनिक बांधकाम विभाग. अर्ज चुकीच्या दारात गेला, तर कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडं पाठवायचा असतो. प्रत्यक्षात महिना जातो. म्हणून कामाच्या जागेवरचा फलक शोधा. त्यावर कामाचं नाव, निधी, रक्कम, ठेकेदार आणि मुदत लिहिलेली असायला हवी. फलक नसेल तर महापालिकेच्या चार विभागीय कार्यालयांपैकी (गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट) तुमच्या भागाचं जे असेल तिथं कनिष्ठ अभियंत्याला विचारा. कामाचं पूर्ण नाव फाइलवर जसं आहे तसं उतरवून घ्या. ‘अमुक यांच्या घरापासून तमुक दुकानापर्यंत’ अशी नावं असतात आणि एकाच गल्लीच्या तीन फाइली तीन नावांनी निघालेल्या असू शकतात. तसं दिसलं तर ती तिन्ही नावं लिहून ठेवा. मोठं काम तुकडे पाडून देण्याचा प्रकार ओळखायचा पहिला मार्ग हाच.

फाइलीत साधारण हे कागद असतात. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, स्थायी समितीची मान्यता, करारनामा, कार्यारंभ आदेश, एमबी, रनिंग बिल (काम चालू असताना निघणारं), अंतिम बिल, काम पूर्ण झाल्याचा दाखला. महापालिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकांकडं होता. त्यामुळं मधल्या काळातल्या कामांना स्थायी समितीचा ठराव सापडणार नाही, प्रशासकांचा ठराव सापडेल. ‘स्थायीची मान्यताच नाही’ म्हणून बोंब मारण्यात अर्थ नाही. सभागृह आणि समित्यांचे अधिकार त्या काळात प्रशासकांकडंच होते. विचारायचं असेल तर ठरावाचा क्रमांक आणि तारीख विचारा आणि ती तारीख कार्यारंभ आदेशाच्या आधीची आहे का ते बघा. आधी काम, मागून मंजुरी हा रोग सभागृह असतानाही होता.

निविदेत दोन गोष्टी पाहण्यासारख्या असतात. किती जणांनी भरली, आणि दर अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के खाली किंवा वर गेला. गल्लीबोळातल्या कामांत पंधरा-वीस टक्के खाली दर भरणारे भेटतात. दर फार खाली असेल तर ठेकेदाराकडून जादा अनामत घ्यायची असते. ती घेतली का, कोणत्या स्वरूपात घेतली आणि बँक गॅरंटी असेल तर बँकेकडून तिची खातरजमा झाली का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. खाली भरलेला दर कुठून तरी भरून काढला जातो. बहुतेक वेळा तो जाडीतून निघतो.

आता एमबी. या पुस्तिकेला क्रमांक असतो, पानांना छापील क्रमांक असतात आणि ती कुणाला दिली याचं रजिस्टर असतं. मोजमाप कनिष्ठ अभियंता लिहितो, उपअभियंता तपासणी मोजमाप घेतो आणि ठेकेदार सही करतो. खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर आकडा एका रेषेनं कापून सही करायची असते. पानं हातात आली की आधी तारखा बघा. जमिनीखाली जाणारी कामं, म्हणजे खोदाई, मुरूम, खडीकरण, ही झाकली जाण्याआधी मोजायची असतात. खडीकरण, बीएम (डांबर मिसळलेल्या खडीचा खालचा थर) आणि कारपेट (त्यावरचा पातळ डांबरी थर) या तिन्हींची मोजमापं एकाच दिवशी लिहिलेली असतील, तर एमबी जागेवर भरली गेली नाही हे उघड आहे. एवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही, पण मोजमापाचा विश्वास तिथंच संपतो आणि फेरमोजणी मागायला भक्कम कारण मिळतं.

लबाडी करायची तर ती कुठं सोपी असते, तेही समजून घ्या. वरचा थर सगळ्यांना दिसतो, म्हणून तिथं लबाडी करायला लोक कचरतात. जुना रस्ता सपाट करण्यासाठी टाकलेला थर, खड्डे भरणे, कडेला मुरूम भरणे, जुना मलबा उचलणे या बाबी काम झाल्यावर कुणालाच तपासता येत नाहीत. अंदाजपत्रकात ‘खड्डे भरणे, १२ घनमीटर’ असेल आणि बिलात ते २९ झालं असेल, तर वाढीव परिमाणाची मंजुरी मागा. टक्केवारीच्या निविदेत, म्हणजे बी-१ करारात, परिमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर त्याचा वेगळा नियम लागतो, म्हणून ही वाढ गुपचूप जायला नको.

हिशोब अवघड नाही. समजा बिलात २४० मीटर लांबी, ४.५ मीटर रुंदी, ५० मिलिमीटर बीएम, वर २० मिलिमीटर कारपेट आणि सीलकोट (पाणी आत जाऊ नये म्हणून सगळ्यात वर दिलेला थर) असं लिहिलंय. क्षेत्र झालं १,०८० चौरस मीटर. बीएमचं घनफळ ५४ घनमीटर. दाबलेल्या बीएमचं वजन घनमीटरला सुमारे २.२ टन धरलं तर जवळपास ११९ टन माल आला पाहिजे. सोळा टनांच्या डंपरनं सात-आठ खेपा. कॉलनीतल्या लोकांना खेपा आठवतात, दुकानाच्या सीसीटीव्हीत दिसतात. चारच डंपर आले असतील तर उरलेला माल कुठं गेला, हा प्रश्न उभा राहतो.

डांबराचंही तसंच. बीएममध्ये वजनाच्या सुमारे ३.४ टक्के डांबर असतं, म्हणजे चार टन. कारपेटला दर दहा चौरस मीटरला १४.६ किलो, म्हणजे १.६ टनांच्या आसपास. अ-प्रकारच्या सीलकोटला दहा चौरस मीटरला ९.८ किलो, म्हणजे एक टनाच्या थोडं वर. एकूण साडेसहा-पावणेसात टन. टॅककोटचं इमल्शन (वरचा थर चिकटावा म्हणून आधी फवारलेलं पातळ डांबर) वेगळं, एका हाताला साधारण २७० किलो. आता बिलासोबत जोडलेलं तेल कंपनीचं डांबराचं चलन बघा. क्रमांक, तारीख, वजन, ग्रेड. चलन कामाच्या तारखेनंतरचं असेल, किंवा त्याच क्रमांकाचं चलन दुसऱ्या कामाच्या बिलालाही जोडलेलं असेल, तर ते धरून ठेवा. पण इथं घाई करू नका. एका टँकरमधून तीन-चार छोटी कामं होतात आणि तेव्हा एकच चलन अनेक फाइलींत दिसणं रास्त आहे. तपासायचं असतं ते त्या सगळ्या कामांच्या डांबराची बेरीज चलनावरच्या वजनात बसते का. अकरा टनांच्या चलनावर वीस टनांची कामं दाखवली असतील, तर तो कागद पुरेसा बोलतो.

रुंदी हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा. बिलात ४.५ आणि जागेवर सरासरी ४.१ असेल तर फरक नऊ टक्क्यांचा आहे आणि तो प्रत्येक थराला लागू होतो. त्यामुळं स्टीलचा तीस मीटरचा टेप घ्या, दर दहा मीटरवर रुंदी मोजा, खडूनं खूण करा, टेप दिसेल असा फोटो काढा. लांबी रस्त्याच्या मध्यरेषेवर मोजायची. कोपऱ्यावरची वळणं एमबीत वेगळी मोजलेली असतात, त्यामुळं ती लांबीत धरू नका. हे काम तालमीची चार पोरं तासाभरात करतात. मोजमापाचा कागद करून त्यावर हजर असलेल्या पाच जणांच्या सह्या घ्या.

जाडीसाठी मात्र घरगुती उपाय करू नका. रस्ता स्वतः खोदलात तर उलट तुमच्यावरच सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार होईल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये ‘माहितीचा अधिकार’ या व्याख्येत कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हे दोन्ही येतं. फार कमी लोक ते वापरतात. अर्जात ‘अमुक रस्त्याच्या डांबरी थराचे कोअर कटरने काढलेले किमान सहा प्रमाणित नमुने माझ्या उपस्थितीत मिळावेत’ असं लिहा. एक नमुना घेऊ नका, एक खड्ड्याचा निघाला असं म्हणायला जागा राहते. ५० मिलिमीटरच्या जागी सरासरी ३० निघालं, तर वरच्या उदाहरणात ५४ पैकी २१.६ घनमीटर माल टाकलाच नाही, म्हणजे चाळीस टक्के. तपासणी शासकीय तंत्रनिकेतनासारख्या त्रयस्थ संस्थेकडून व्हावी असा आग्रह धरा.

आता अर्ज. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून भाषणबाजी टाळा. असा पुरेल:

‘कामाचे नाव: (फाइलवरील पूर्ण नाव). कालावधी: कार्यारंभ आदेशाच्या दिनांकापासून आजअखेर. या कामाच्या खालील अभिलेखांची पाहणी आणि निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: मंजूर अंदाजपत्रक व दर पृथक्करण, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, सर्व बिले व त्यातील कपाती, डांबराची चलने, प्रयोगशाळेचे चाचणी अहवाल, वाढीव परिमाणाची मंजुरी, काम पूर्ण झाल्याचा दाखला, दोषदायित्व कालावधीची नोंद.’

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, प्रतीला पानामागं दोन रुपये. पाहणीचा पहिला तास मोफत, पुढं दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. पाहणी आधी मागण्याचं कारण साधं आहे: तीनशे पानांचे पैसे भरण्यापेक्षा फाइल चाळून हवी ती वीस पानं घ्यावीत. शिवाय फाइल समोर असताना जे कागद तिच्यात नाहीत तेही कळतात. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला उपलब्ध करायचे आहेत. अर्ज न करता तिथून सुरुवात करता येते. निर्णयाची प्रत सोबत ठेवा, नाहीतर ‘असं काही नसतंय’ हेच ऐकायला मिळेल.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा टाळाटाळीचं आलं तर पहिलं अपील तीस दिवसांत, वीस रुपयांचा स्टँप लावून. पुढं दुसरं अपील नव्वद दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. तिथं तारीख लागायला फार वेळ जातो, त्यामुळं पहिल्या अपिलाची सुनावणी हलक्यात घेऊ नका. तिथं तोंडी वाद घालण्यापेक्षा कुठला कागद मिळाला आणि कुठला नाही, याची एक पानाची यादी द्या. ‘व्यापारी गुपित’ म्हणून चलनं किंवा दर नाकारले, तर निविदा मंजूर होऊन सार्वजनिक पैशातून बिल दिल्यावर त्यात गुपित काय उरलं, हे विचारा आणि व्यापक जनहितासाठीच्या कलम ८(२) चा आधार घ्या. ठेकेदाराचा फोन, पत्ता, पॅन मागू नका. त्याचा उपयोग नाही आणि नकाराला निमित्त मिळतं. ‘एमबी सापडत नाही’ असं लेखी आलं तर घाबरू नका, ते तुमच्या बाजूचं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमात अभिलेख बेकायदा नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अभिलेख गहाळ झाल्याची पोलिसांत नोंद केली का, एवढंच पुढच्या अर्जात विचारा. बहुतेक वेळा एमबी सापडते.

रस्ता का उखडला याचं निदानही करा, कारण प्रत्येक वेळी दोष ठेकेदाराचाच नसतो. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून येत असेल तर खाली धूळ होती किंवा टॅककोट मारला नाही. खडी एकेक सुटून कडेला गोळा होत असेल तर डांबर कमी, जळालेलं, किंवा माल थंड झाल्यावर पसरलेला. व्हीजी-३० ग्रेडच्या डांबराचा माल १४० अंशांच्या खाली पसरू नये आणि रोलिंग ९० अंशांच्या आधी संपायला हवं, म्हणजे लांबच्या प्लांटवरून ताडपत्री न झाकता आलेला डंपर आधीच वाया गेलेला असतो. कारपेटवर सीलकोट नसेल तर पाणी थेट आत जातं. हा थर बिलात असतो, रस्त्यावर नसतो, असं फार वेळा घडतं. एका सरळ रेषेत रस्ता खचला असेल तर खाली ड्रेनेजची किंवा गॅसची चर आहे आणि ती नीट दाबून भरलेली नाही. त्यात खोदाईची परवानगी कुणाला दिली आणि पूर्ववत करण्याचे पैसे भरून घेतले का, ही वेगळी फाइल आहे. आणि पाणी साचतं तिथंच खड्डे असतील तर उताराचा किंवा गटारीचा प्रश्न आहे, तो अंदाजपत्रकातला दोष. त्यासाठी ठेकेदाराला नाही, अंदाजपत्रक करणाऱ्याला आणि तांत्रिक मंजुरी देणाऱ्याला विचारायचं. ‘अतिवृष्टी झाली’ हे उत्तर मात्र कोल्हापुरात चालवून घेऊ नका. इथं जुलैत मुसळधार पडतो हे अंदाजपत्रक करताना कुणालाच नवीन नव्हतं.

बिल निघालं म्हणजे सगळं संपलं, हा समज चुकीचा आहे. करारात दोषदायित्व कालावधी असतो आणि तो काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावरच्या तारखेपासून मोजतात. त्या काळात ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करायची. नाही केली तर महापालिकेनं करून घेऊन खर्च त्याच्या अनामतीतून वळता करायचा. त्यामुळं आवक शिक्का मारलेलं तक्रारपत्र मुदतीच्या आत जायलाच हवं. व्हॉट्सॲपवरचा मेसेज धरला जात नाही. नंतर दोन गोष्टी तपासा. अनामत मुदतीआधीच परत दिली का? आणि दोषदायित्वातल्या त्याच रस्त्यावर महापालिकेच्या पॅचवर्कच्या वेगळ्या कामातून खड्डे भरले का? हा दुसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही, कारण खड्डा बुजला की सगळे खूश. प्रत्यक्षात ठेकेदारानं फुकट करायचं काम लोकांच्या पैशातून झालेलं असतं.

कागद जमले की कुठं जायचं? आधी आयुक्तांना दोन पानांचं निवेदन: डावीकडं एमबीतला आकडा, उजवीकडं जागेवरचा, शेवटी फरकाची रक्कम. प्रत मुख्य लेखापरीक्षकांना. महानगरपालिका अधिनियमात हे पद स्वतंत्र ठेवलंय, आणि त्यांचे आक्षेप स्थायी समितीपुढं जातात. नगरसेवकाला सोबत घ्या, पण त्याला ‘आवाज उठवा’ म्हणू नका. लेखी प्रश्न टाइप करून द्या, कारण त्याचं उत्तर इतिवृत्तात राहतं. ८१ जणांच्या सभागृहातला कुणी नगरसेवक स्वतः किंवा आडून त्या ठेक्यात भागीदार असल्याचा पुरावा असेल तर अधिनियमाचं कलम १० लागतं आणि त्याचं पद जाऊ शकतं. तो मात्र स्वतंत्र आणि वकिलाच्या सल्ल्यानं करायचा विषय आहे, रस्त्याच्या तक्रारीत मिसळू नका. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. शासनाच्या निधीतलं काम असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना आणि स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयालाही प्रत पाठवा.

मोजणीला एवढं महत्त्व का, ते या शहरानं मोठ्या आकड्यात पाहिलंय. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पात सुमारे ५० किलोमीटर रस्ते २२० कोटींत ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर दिले गेले आणि ३० वर्षांच्या टोलची तरतूद झाली. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासोबत लोक रस्त्यावर उतरले आणि टोल गेला. पण रस्ते बांधणाऱ्या कंपनीचं देणं ठरवताना सगळं घोडं अडलं ते मूल्यांकनावर: प्रत्यक्षात झालेलं काम किती आणि त्याची किंमत किती. तो हिशोब काम चालू असताना नागरिकांच्या हातात असता, तर भांडण पुष्कळ छोटं झालं असतं. म्हणून पुढच्या वेळी कार्यारंभ आदेशाची आणि अंदाजपत्रकाची प्रत काम सुरू होण्याआधीच काढा, डंपरच्या खेपा आणि नंबर तारखेसह वहीत लिहा, बीएमवर कारपेट चढण्याआधी कनिष्ठ अभियंत्याला समोर ठेवून जाडी आणि रुंदी मोजा, आणि त्या दिवशीचं एमबीचं पान मोबाइलमध्ये टिपून घ्या.